सिंहाच्या छापाची बंदूक

"बोल्टला हात लावायचा नाही. दस्ता तडकलाय, तेवढा बांध," शिबेशी म्हणाला.

बोगाले लोहारानं बंदूक मांडीवर घेतली. नळीवर सिंहाचा छाप होता. बादशहाच्या खास पहाऱ्यातली बंदूक ती, मेन्झच्या डोंगरात अशी दुसरी नव्हती.

"उघडून तेल तरी घालतो, दादा. आतला बोटभर खिळा गोळीवर आपटला नाही, तर बंदूक काय आणि काठी काय."

"शहाणपणा नको. तुझी जात ठाऊक आहे मला."

ठाऊक सगळ्यांनाच होती. लोहार दृष्ट लावतो, तरस होऊन हिंडतो, त्याच्या नजरेसमोर घास घेतला की पोटात आग पडते, असं अख्खा मुलूख मानायचा. बंदुका मात्र त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायच्या. त्यात कुणाच्या पोटात आग पडत नसे.

उद्या सकाळी इटालियन मेजर फौज घेऊन खिंडीतून जाणार होता. टोळीचा म्होरक्या ग्राझमाच अयालेव याच बंदुकीनं त्याला टिपणार, आणि तो बार ऐकून चाळीस जणांनी तुटून पडायचं. बार झाला नाही, तर खिंडीत उतरलेले चाळीसही जण तोफांपुढे उघडे पडणार. गोळ्या सातच, त्यामुळे आधी झाडून बघायची सोय नव्हती.

लोहार फितूर असेल, हे ग्राझमाचच्या कानावर शिबेशीनंच घातलं होतं. पण दुसरा लोहार आणायचा कुठून? "बंदुकीनं दगा दिला, तर त्याला झाडाला टांगीन," ग्राझमाच म्हणाला आणि पहाऱ्याला शिबेशीलाच धाडलं. शिबेशीचा थोरला भाऊ इटालियनांच्या कैदेत होता. तो सुटावा म्हणून शिबेशी वाटेल ते करायला तयार होता, हे टोळीत कुणाला सांगायला नको होतं.

सकाळपासून त्यानं लोहाराच्या हातांवरची नजर हलवली नाही. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले.

"जेवून घ्या, दादा. मी बघत नाही."

"तू काय बघणार नाहीस! मीच बघू देत नाही."

शिबेशीनं पाठ फिरवली, डोक्यावरून पांढरी शाल ओढली आणि घरून आणलेल्या इंजेरा भाकरीची पुरचुंडी सोडली. मागे कानस घासायला लागली.

"काय घासतोयस रे एवढं?"

"पट्टी, दादा. दस्त्याला नीट बसायला नको? माझ्या आजानं अदवाच्या लढाईला बंदुका दुरुस्त केल्या. त्याच्याकडेही सगळे पाठ करूनच जेवायचे म्हणे. लढाई जिंकून आल्यावरसुद्धा."

शिबेशीला शालीआड हसू आलं. त्यानं सावकाश, पोटभर जेवून घेतलं.

निघताना बोगालेनं बंदूक दोन्ही हातांनी पुढे केली. "चालली नाही, तर फास माझ्याच गळ्यात पडणार, एवढं मला कळतं."

"कळतंय ना? मग झालं."

सकाळी खिंडीत धुकं होतं. शिबेशी ग्राझमाचच्या शेजारी दगडाआड पडला होता. मेजरचा घोडा वळणावर दिसला. ग्राझमाचनं नेम धरला. शिबेशीनं डोळे मिटले, मनात भावाचं नाव घेतलं. चाप ओढला गेला.

बार झाला. मेजर घोड्यावरून कोसळला आणि चाळीस जण आरोळी ठोकून तुटून पडले.

शिबेशीचा हात कमरेच्या गाठीकडे गेला. बंदुकीतला बोटभर खिळा तिथंच होता.