बोटांतला समुद्र

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," जानूच्या डोक्याला तेल चोळत भिकूमामा न्हावी म्हणाले, "पण मी चांदण्यात समुद्रावरून चालत आलोय!"

सगळ्यांच्या डोक्यात विचार वाहून नेणारे तंतू बसवल्यापासून विचार आणि आठवणी स्पर्शानेच एकाकडून दुसऱ्याकडे पसरत. गावात जो तो दुसऱ्याच्या आठवणी आपल्या म्हणून सांगे. मामांच्या बोटांत तर वर्षानुवर्षांची डोकी मुरली होती.

जानू म्हातारा खलाशी. आजारपणानंतर त्याला मेलेल्या बायकोचा चेहराही आठवत नव्हता. आता मामांच्या बोटांखाली त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे लाटा हलल्या. धक्क्यावर हिरव्या लुगड्यातली बाई कंदील हलवत हसत होती.

"मलाच बोलावत होती हो!" मामा रंगात आले.

जानूने मामांचे हात डोक्यावर घट्ट दाबून धरले.

"हात काढू नकोस, लबाडा! तो समुद्र माझा, आणि ती माझी शेवंता!"