लाल वही

"सोमवारी बोलला नाही, मंगळवारी नाही, आज बुधवार!" टिल्लूच्या बाबांनी लाल वही टेबलावर आपटली. "शनिवारपर्यंत पोपटासारखा बोलणारा पोरगा! तीन दिवसांत काय केलंत त्याला?"

पाळणाघराची मालकीण गार पडली. नवी ताई मात्र जागची हलली नाही. जुन्या मावशी पंधरा वर्षांची चाकरी संपवून शनिवारी घरी बसल्या, सोमवारपासून ही आली.

"दिसलं ते लिहिलं," ती म्हणाली. "हाक मारली तर बघत नाही. चमचा दिला तर टाकून देतो."

"चमच्यानेच जेवतो तो!" आई ओरडली.

तिची नोकरी लांब. घरी पोचेपर्यंत लेक झोपलेला. तिच्या वाट्याला ही वही यायची: दिवसभरात टिल्लू काय बोलला, काय शिकला, रोज दोन ओळी. रविवारी तो तोंडच उघडत नसे, तेव्हा बाबा हसून सांगत, "घरी आळशी आहे गं. तिथे बघ कसा बाजार भरवतो!" आणि वही पुढे करत.

टिल्लू खिडकीपाशी उलट्या तिचाकीचं चाक फिरवत होता. एवढ्या आरडाओरड्यात त्याने मान वळवली नाही.

"हिला आत्ताच्या आत्ता काढा," बाबा म्हणाले.

"काढा की!" ताई लालबुंद झाली. "पण खोटं लिहायला सांगू नका. त्या मावशीही अजबच! जाताना म्हणाल्या, या पोराच्या दोन वह्या ठेव. म्हटलं, एवढ्याशा जिवाला दोन? वकिली करायचीय का त्याला?"

"तोंड सांभाळ!" बाबा कडाडले.

"थांबा, मावशींनाच विचारते." आईने फोन काढला.

"अगं, म्हातारीला कशाला त्रास..."

तोवर मावशींनी उचललाही. आईने स्पीकर लावला.

"मावशी, शनिवारी टिल्लू 'आई, पाणी' म्हणाला ना? लाल वहीत तुम्हीच लिहिलंय. ही म्हणते, त्याला एक शब्द येत नाही. नुसतं हो म्हणा, हिची नोकरी घालवते मी!"

पलीकडून मावशींचा आवाज आला.

"त्या पोरीला नका बोलू, टिल्लूच्या आई. लाल वही तुमच्यासाठी, तुमचे साहेब सांगायचे तसं लिहायचे मी. सहा महिन्यांत त्याचा एकेक शब्द गळाला, ते निळ्या वहीत आहे. साहेबांच्या गाडीत असेल बघा, सीटखाली."