सहावी बरणी

पडवीत सहा बरण्या होत्या. प्रत्येकीत समुद्राचं पाणी आणि पोलादाची एक पट्टी. पाच बरण्यांत चारुशीलाने काजूच्या टरफलांचा अर्क घातला होता. सहावीत मुद्दाम काही घातलं नव्हतं. तिच्यातली पट्टी गंजली, तरच बाकीच्या पट्ट्या अर्कामुळे वाचल्या हे प्रबंधात लिहिता येणार होतं.

महिन्याने बघते तर सहाही पट्ट्या लखलखीत.

"बाबा, हिच्यात काही घातलंस?"

होडीचे तांडेल, खलाशांचे म्होरके असलेल्या बाबांनी जाळं शिवता शिवता मान डोलावली. "अर्काचेच चार थेंब, पहिल्याच दिवशी. अगो, आजारी पडून घरी राहिलेल्या खलाशालाही आपण म्हावऱ्याचा वाटा देतो. ही तर सगळ्यांबरोबर पाण्यात उभी होती."

महिना वाया गेला होता. रागवायला तिने तोंड उघडलं आणि तिला हसूच आलं.

तिने नव्या पट्ट्या आणल्या, नवं पाणी भरलं. सहावी बरणी पार टोकाला ठेवून बाबांना शपथ घातली.

सकाळी सहावी टोकाला नव्हती. बाकीच्या पाचजणींच्या मधोमध बसली होती.

"थेंबभरही घातलं नाही," बाबा पुटपुटले. "नुसती त्यांच्यात बसवली."