रेघ वळेपर्यंत

हार्लेममधल्या आमच्या घरी मी आणि माझी बायको मारिके एकाच टेबलावर शेअर्सची खरेदी-विक्री करायचो. माझ्या पडद्यावर मागच्या दिवसांच्या भावांच्या सरासरीच्या रंगीत रेघा, तिच्या पडद्यावर नुसता भाव.

"भाव कोसळून जातो, मग तुझी रेघ वळते. शिळा पेपर वाचतोस तू, योस्त," ती चिडवायची.

उन्हाळ्यात तिचं जेवण तुटलं, वजन उतरू लागलं. रोज सकाळी वजन करून लिहायची आमची सवय, म्हणून मी शहाण्यासारखी दोनशे दिवसांची सरासरी काढली. हिवाळ्यात ती जाड झाली होती, त्यामुळे रेघ अजून चढतच होती.

"रेघ खाली वळली की डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणालो.

"कागद ठेव रे. माझ्याकडे बघ जरा."

रेघ ऑक्टोबरात वळली. "उशीर केलात," डॉक्टर म्हणाले.

तिला पुरण्याआधी तिची अंगठी काढून माझ्या हातात दिली गेली. बोटातून गळून पडू नये म्हणून तिनं आतून दोरा गुंडाळला होता. सैल होईल तसा पुन्हा पुन्हा, चार रंगांचा.

जेवताना तिचा तो हात रोज माझ्यासमोर असायचा.