कानातली चकती

गॅरेजात हवा भरून, वडिलांना मागे बसवून हेमलता जुनी गाडी काढणार, तोच इलाही मेस्त्रींनी हात आडवा घातला. "ताई, मागचं चाक कधीपासून ओरडतंय?"

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"कानातली चकती काढा. नकोसे आवाज ती गाळते. पुढं घाट लागतो."

तिने वैतागून चकती काढली. मेस्त्री शेजारी बसले आणि तिने गाडी रस्त्यावर काढली. डावीकडे वळताना चाकाचा घूंघूं आवाज वाढला.

"वळताना भार उजवीकडे येतो, म्हणजे उजवं बेअरिंग गेलंय. घाटात चाकच निखळलं असतं!"

तिने घाबरून गाडी थांबवली. चाक गप्प झालं. पण मागच्या सीटवर तिच्या वडिलांची छाती घरघरत होती.

"अप्पा, हे कधीपासून?"

"दिवाळीपासून रोज सांगतोय गं," अप्पा म्हणाले.