माळ्यावरचं घंगाळ

आधी माळ्यावरचं पितळी घंगाळ गेलं, मग माझं इरकली लुगडं. सुनेनं नोकरी सोडून फोटोचं दुकान काढलं होतं; कॅमेऱ्याचे हप्ते, गाळ्याचं भाडं, दिव्यांचा खर्च. मी मनाशी ताडलं, बाई माझं घर मोडीत घालतेय.

परवा ती सूप काखोटीला मारून निघाली, तशी मी मागोमाग गेले. गाळ्याचा पडदा खस्सकन ओढला आणि शिवी ओठांतच राहिली. माझ्या घंगाळात, माझ्या लुगड्यावर, कुणाचं तरी बारा दिवसांचं बाळ झोपलं होतं. बाळंतीण खुर्चीत पेंगत होती. सून फोटो काढत होती.

"असलं सामान विकत घ्यायला पैसे उरले नाहीत, आई."

"मग मागायचं."

"दिलं असतंत?"

"नसतं."

तेवढ्यात बाळाची मान कलली. माझा हात आपसूक गेला. गल्लीतली सगळी बाळं मीच न्हाऊ घातलीत.

"मान धरायला बाई नाही ठेवलीस?"

"बाई परवडत नाही."

मी पदर खोचून खाली बसले. "काढ फोटो. घंगाळ काळं पडलंय, आज घरी नेऊन चिंचेनं घासते. उद्या मीच आणीन. तुझा अजून भरवसा नाही मला."