धूर न दिसलेली वाडी

सुट्टीत घरी आल्यावर आमच्या नव्या दुर्बिणीचा आराखडा मी अण्णांसमोर बाजेवर पसरला. दूरच्या ताऱ्यांभोवती जे ग्रह असतील, त्यांची हवा ही दुर्बीण अवकाशातून तपासेल, असं मी सांगितलं. सजीवांनी सोडलेले वायू त्या हवेत दिसले, तर तिथं कुणीतरी आहे. "आन् न्हाय दिसले तर?" "तर तो ग्रह ओसाड समजायचा आणि पुढचा बघायचा." अण्णांनी कागदावरचा हात काढून घेतला. बहात्तरच्या दुष्काळात ते लोहाऱ्याकडच्या वाड्यांना टँकरनं पाणी पोचवत. "लोकं दुष्काळी कामावर खडी फोडाया गेलेली. कुठल्या वाडीत माणूस हाय, ते आमी माळावरनंच चुलीच्या धुरावर वळखायचो. एका वाडीत तीन दिस धूर दिसला न्हाय. म्या तिन्ही बार टँकर माघारी वळवला." "वाडी रिकामीच असेल, अण्णा." "मुक्ताबाई व्हती. म्हातारी, एकटी. घरात शिजवाया दाणाच नव्हता, धूर कुठनं निघणार, पोरी? चौथ्या दिशी खाली उतरलो, तवा रस्त्याच्या कडंला तिची घागर दिसली. रिकामी. बाजूलाच ती, गार पडलेली." अण्णा उठून उंबऱ्याशी गेले. तिथं एक पोचे पडलेली पितळी घागर कायम असायची. ती ते रोज सकाळी भरत, पण तिच्यातलं पाणी आम्हा भावंडांना कधी पिऊ देत नसत. घागर काठोकाठ भरलेली होती. तरी अण्णांनी तिच्यात आणखी तांब्याभर पाणी ओतलं.